माहीमचे दोन पूल आणि सायकलवाला

माहीमच्या खाडीवरून आज वांद्र्याला जायच्या दोन वाटा आहेत. एक जुनी, १८४५ साली खुली झालेली. हिला आपण माहीम कॉजवे म्हणतो. दुसरी २००९ सालची, पोलादी दोरांनी तोललेली, वरळीहून निघून माहीमच्या उपसागरावरून थेट वांद्र्याच्या टोकाला लागणारी. पहिलीवरून चालत जाता येते, हातगाडी ढकलत जाता येते, सायकलवर टांग मारून जाता येते. दुसरीवरून यातले काही म्हणता काही करता येत नाही. मुंबईतल्या सायकलीचा इतिहास सांगा असे कोणी म्हटले, की मला आधी हे दोन पूल आठवतात. सायकल नावाच्या वाहनाला या शहराने कुठे जागा दिली आणि कुठून हुसकले, ते या दोन पुलांवर लिहून ठेवल्यासारखे आहे.

जुन्या पुलाची गोष्ट माहीमकरांना पाठ असते, तरी थोडक्यात सांगतो. कॉजवे नव्हता तेव्हा माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीशिवाय गत्यंतर नव्हते. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात तर हा प्रवास जिवावरचा. १८४१ साली या खाडीत होड्या उलटून माणसे बुडाली आणि त्यानंतर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी पुलासाठी पैसे द्यायचे मनावर घेतले, असे सांगतात. कंपनी सरकार खर्चाला तयार नव्हते. अवाबाईंनी दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम आपल्या पदरची घातली. त्या काळचे दीड लाख! आणि अट एकच घातली, की या पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून कसलाही कर घ्यायचा नाही. १८४३ मध्ये काम सुरू झाले, १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. माहीममधून जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजींचे नाव आहे ते यामुळे. आपण त्याचे एल. जे. रोड केले आणि बाईंना दोन अक्षरांत कोंबले, ते सोडा.

अवाबाईंच्या डोळ्यांसमोर सायकल असणे शक्यच नव्हते. १८४५ साली मुंबईत सायकल आलेलीच नव्हती. त्यांच्यासमोर होता तो कोळी, भाजीवाली, बैलगाडीवाला आणि दर्ग्याला किंवा माउंट मेरीच्या जत्रेला निघालेला पायी माणूस. पण ज्या पुलावर पायी माणूस आणि बैलगाडी यांचा हक्क धरलेला होता, त्यावर पुढे पन्नास-साठ वर्षांनी सायकल आली तेव्हा तिला कोणी परवानगी विचारली नाही. ती आपोआप सामावून गेली.

आता सागरी सेतूकडे या. ३० जून २००९ रोजी त्याच्या आठपैकी चार मार्गिका खुल्या झाल्या, उरलेल्या मार्च २०१० मध्ये. तेथे टोल आहे आणि पहिल्या दिवसापासून दुचाकी, रिक्षा, सायकली आणि पादचारी यांना मनाई आहे. मॅरेथॉनच्या रविवारी तेवढे धावणाऱ्यांचे पाय त्याला लागतात. पुढे किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये सेतूला पुरता जोडला गेला. त्याच्या वाहतुकीच्या मार्गिकांवरही दुचाकीला आणि सायकलीला स्थान नाही. जे. जे. रुग्णालयावरून जाणारा तो लांबलचक उड्डाणपूल २००२ साली झाला. त्याला नाव दिले आमच्या माहीमच्या मखदूम अली माहिमी या संतांचे. कुत्बे कोकण म्हणून ज्यांच्या दर्ग्यात कोणालाही जाता येते, त्यांच्या नावाच्या पुलावर २०१० पासून दुचाकींना बंदी आहे. अपघात होत होते म्हणून ही बंदी आली, हे खरे. सायकल समुद्रावरच्या त्या वाऱ्यात, ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या मोटारींत सोडावी, असे मीही म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जलद रस्त्यावरून ज्याला काढले त्याला संथ रस्त्यावर तरी हक्काची जागा द्यायची असते. तेवढे काही झाले नाही. आज पश्चिम उपनगरांच्या या बाजूने पायडल मारत शहरात येणाऱ्याला अवाबाईंचाच पूल आहे, आणि त्या पुलावर संध्याकाळी बेस्टची बस, टॅक्सी, डंपर आणि मोटारसायकली एकमेकांना घासून चालत असताना त्याने कुठून जायचे, हे सांगणारी साधी पांढरी रेघही नाही.

सायकल मुंबईत आली ती साहेबाची चैन म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. ती वाहन आहे की खेळणे, याचा निकाल विलायतेत १८८८ सालच्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने लागला. सायकल ही गाडी आहे, गाडीला जे हक्क ते तिला, आणि कोणाला मागे टाकताना घंटी वाजवली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. योगायोग असा, की आपला मुंबई महापालिकेचा कायदाही त्याच १८८८ सालचा. आपल्याकडे सायकलीला गाडीचा मान स्पष्ट शब्दांत दिलेला दिसतो तो १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात. त्यातल्या ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत हातगाडी आहे, मोटार आहे, तशीच सायकलही आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे आणि पुढच्या वाहनाला मागे टाकायचे तर त्याच्या उजवीकडून जावे, हा त्याच कायद्यातला नियम जसा मोटारीला तसाच सायकलीला लागू आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सायकलवाला हा रस्त्यावर दयेने आलेला पाहुणा नाही. कायद्याने तो गाडीवान आहे.

चैनीची वस्तू गरजेची होईपर्यंत दोन-तीन पिढ्या गेल्या. मधल्या काळात मुंबईच्या पोरांनी सायकलीवर जो पराक्रम केला, त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करत मार्च १९२८ मध्ये त्यांतले तिघे परत आले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१ हजार किलोमीटर! त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. या तिघांना वाळवंटात तहानेने आणि जंगलात तापाने गाठले, पण आजच्या कलानगर जंक्शनवर संध्याकाळी सात वाजता उजवीकडे वळायचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. हे मी गमतीने म्हणत असलो तरी अगदीच गमतीने म्हणत नाही.

सायकल कामगाराच्या हातात आली ती देशी कारखाने निघाल्यावर. त्यांतला एक आपल्या शेजारी वरळीला होता, हिंद सायकल्स. स्वातंत्र्याआधीच सुरू झालेला. पुढे तो डबघाईला आला आणि १९८० साली संसदेने खास कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तरीही कारखाना काही वाचला नाही. आज वरळीत फिरणाऱ्या कोणाला सांगितले, की येथे एके काळी सायकली तयार व्हायच्या, तर तो तुमच्याकडे संशयाने बघेल. पण माहीम, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात साठ-सत्तर सालापर्यंत ज्याच्याकडे सायकल होती त्याचे पोट बहुधा तिच्यावर होते. पाववाला पहाटे मागे टोपली बांधून निघे. दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या. पेपरवाला, तारवाला, चाकूसुऱ्यांना धार लावणारा, आणि अर्थात डबेवाला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली डबे पोचवण्याचे काम सुरू केले तेव्हा ते पायी आणि डोक्यावरच्या पाटीने होते. सायकल मागाहून आली आणि कायमची राहिली. दादर स्टेशनाबाहेर हँडलला आणि कॅरिअरला मिळून तीस-चाळीस डबे लटकवून उभी असलेली सायकल तुम्ही पाहिली असेलच. ती नुसती स्टँडवरून काढून दाखवा, मग सायकल चालवणे हे कौशल्य आहे की नाही ते कळेल.

या लोकांना शिकवले कोणी? कोणी नाही. मोटार चालवायला परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. सायकलीला परवाना नाही, म्हणून शिक्षणही नाही. तासाच्या भाड्याची सायकल घ्यायची, उंची पुरत नसली तर नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे, गुडघे फोडून घ्यायचे, आणि तोल साधला की शिकलो असे समजायचे. आम्ही माहीमची मुले अशीच शिकलो. तोल साधणे म्हणजे सायकल येणे नव्हे, हे मला कळले ते आमच्या चाळीत राहणाऱ्या एका पोस्टमन काकांमुळे. ते म्हणायचे, ‘अरे, उभ्या गाडीला भिऊ नकोस आणि तिच्यावर विश्वासही ठेवू नकोस. तिचं पुढचं चाक बघ. चाक वळलं की गाडी वळणार, ड्रायव्हरचा हात नंतर दिसतो.’ पन्नासहून अधिक वर्षे झाली, याच्याइतका उपयोगी धडा मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही.

त्या काळी दादरपर्यंत ट्राम होती. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रुळाच्या खाचेत सायकलचे चाक अडकले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जाई. म्हणून रूळ ओलांडायचा तो आडवा, जमेल तितका काटकोनात, हे प्रत्येक सायकलवाल्याच्या अंगात मुरलेले होते. ट्राम गेली, पण ते ज्ञान वाया गेले नाही. आज त्या रुळांच्या जागी गटाराच्या जाळ्या आहेत. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने समांतर बसवलेल्या असल्या की बारीक टायरला त्या रुळाइतक्याच घातक. पेव्हर ब्लॉकमधली फट तशीच. पावसात मॅनहोलचे लोखंडी झाकण आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे साबणासारखे होतात. त्यांच्यावर असताना वळायचे नाही आणि ब्रेक दाबायचा नाही, सरळ जाऊ द्यायचे. रिमला लागणारे ब्रेक पहिल्या सरीत ओले झाले की दाबूनही क्षणभर काही होत नाही, आधी रिमवरचे पाणी पुसले जाते आणि मग पकड येते. तेव्हा ब्रेक दोन सायकलींच्या लांबीइतका आधी लावायचा. हे सगळे दूधवाल्याला माहीत असते. नव्याने हौसेची महागडी सायकल घेतलेल्या माणसाला कधी कधी माहीत नसते.

सगळ्यांत अवघड प्रश्न असतो तो रस्त्यावर आपली रेघ कुठली, हा. भित्रा सायकलवाला फुटपाथच्या कडेला चिकटून चालतो. त्याला वाटते, तेवढेच आपण सुरक्षित. वास्तविक कडेला माती, पाणी, जाळी, उभ्या गाड्या, आणि त्या चुकवायला एकदम उजवीकडे यावे लागते ते मागच्या गाडीला अनपेक्षित. मुरलेला सायकलवाला कडेपासून हातभर तरी बाहेर, आणि उभ्या गाड्यांपासून दरवाज्याच्या रुंदीइतका दूर, एका सरळ रेषेत चालतो. मागच्याला तो दिसतो आणि तो पुढे काय करणार आहे याचा अंदाज येतो. वळायचे झाले तर आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे, मग हात दाखवायचा, मग वळायचे. हात आधी आणि नजर नंतर असे करणारे पुष्कळ. बस थांब्याकडे येत असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये शिरायचे नाही. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या कुशीत तर कधीच नाही, तेथे ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. आणि मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे तर मोटारींच्या बरोबरीने मध्यावर जाण्याची गरज नसते. सरळ पलीकडे जावे, तेथे सायकल फिरवून नव्या सिग्नलबरोबर निघावे. एक सिग्नल जास्त लागतो, एवढेच.

आता मौज बघा. सायकलीसंबंधी आपल्याकडे नियम होते, भरपूर होते. रात्री दिवा पाहिजे. आधी घासलेटचा, मग डायनॅमोचा. घंटी पाहिजे. डबल सीट चालणार नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा लागे. पुण्याचे बिल्ले तर प्रसिद्धच आहेत. दिवा नसला की संध्याकाळी पोलीस चाकातली हवा सोडत आणि तेवढ्याने भागले नाही तर दंड घेत. दिव्याचा नियम उत्तम होता, आजही हवा. पण सगळे नियम सायकलवाल्याने काय करू नये याचे. सायकलवाल्याच्या बाबतीत दुसऱ्यांनी काय करू नये, याचा नियम शोधायला जावे तर तो १९८९ च्या रस्त्यावरील नियमांत सापडायचा. फुटपाथवर किंवा सायकलींसाठी राखून ठेवलेल्या मार्गावर, गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीखेरीज, मोटार चालवू नये, असे त्यात होते. नियम चांगला होता. अडचण अशी, की त्यात ‘राखून ठेवलेल्या मार्गावर’ असे शब्द होते, आणि मार्ग राखलेलाच नसेल तर नियम कागदावर हात बांधून उभा राही.

म्हणून मग मागणी होते, की सायकल ट्रॅक करा. या मागणीचाही एक इतिहास आहे आणि तो वाटतो तितका सरळ नाही. इंग्लंडमध्ये खास सायकलींसाठी बांधलेला पहिला मार्ग १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न ॲव्हेन्यूवर खुला झाला. अडीच मैलांचा. उद्घाटनाला वाहतूक मंत्री हजर होते. आणि विरोधाला कोण? सायकलवाल्यांचीच जुनी संघटना! त्यांचे म्हणणे होते, की हा मार्ग आमच्या सोयीसाठी नाही, मोटारवाल्यांच्या वाटेतून आम्हाला बाजूला काढण्यासाठी आहे. आज ट्रॅक देतील, उद्या मुख्य रस्त्यावर मनाई करतील. ट्रॅक अरुंद, खडबडीत, आणि दर चौकात संपणारा. चौकात संपणारा, हे महत्त्वाचे. कारण सरळ रस्त्यापेक्षा चौकातच सायकलवाल्याला जास्त धोका असतो.

त्यांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही. आपल्या सागरी सेतूवर तर ट्रॅक न देताच मनाई झाली.

दुसरी गोष्ट हॉलंडची. तेथे सायकली पूर्वीपासून होत्या, पण युद्धानंतर मोटारी वाढल्या आणि गावेच्या गावे मोटारींसाठी उकरली गेली. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये आपल्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यात ‘मुलांचे खून थांबवा’ असे म्हटले. त्या शब्दांचीच चळवळ झाली. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा लोकांना आपले रस्ते पुन्हा दिसले. सरकारने सत्तरच्या दशकात टिलबुर्ग आणि हेग येथे एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. एकटादुकटा मार्ग कितीही देखणा केला तरी शहराच्या सवयी फारशा बदलत नाहीत, हे त्यांना त्यातून कळले. मग डेल्फ्ट गावात सगळीकडून सगळीकडे जाणारे जाळे विणले. आज आपण ज्या हॉलंडचे फोटो पाहून उसासे टाकतो, ते असे शोकातून आणि भांडणातून आलेले आहे. पवनचक्क्यांच्या देशात सायकल मुळातच वाहते, असे काही नाही.

आपल्याकडे काय झाले? राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ साली आले. त्यात सायकलींसाठी वेगळ्या मार्गांचा पुरस्कार होता. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात त्या सुमारास केंद्राच्या पैशाने बसमार्गांच्या कडेला ट्रॅक झाले. त्यांवर मी चालून पाहिले आहे. चालूनच, कारण मध्येच झाड, मध्येच विजेचा डबा, मध्येच वडापावची गाडी. मुंबईत २०११ च्या सुमारास माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात, एमएमआरडीएने ट्रॅक बांधला. कल्पना चांगली होती, वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांवरून कचेरीत सायकलने जावे. थोड्याच दिवसांत त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. आणि २०२३ मध्ये निर्णय झाला तो ट्रॅक काढून मोटारींचा रस्ता रुंद करण्याचा. कारण दिले गेले, की त्याचा वापर होत नाही. ज्या खोलीत शेजाऱ्याने सामान भरून ठेवले आहे, त्या खोलीत तुम्ही झोपत नाही म्हणून ती काढून घेण्यासारखेच हे झाले.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने नरिमन पॉइंटपासून वरळीपर्यंत रविवार सकाळचा सायकलमार्ग सुरू केला. सहा ते अकरा, रस्त्यावर शंकू ठेवून. हौसेला चांगला. पण डबेवाल्याला रविवारी सुट्टी असते. त्याच सुमारास तानसाच्या जलवाहिनीलगत मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग जाहीर झाला. मला ही कल्पना मनापासून आवडली होती. माहीमच्या सेनापती बापट मार्गाला जुनी माणसे अजून तुलसी पाइप रोड म्हणतात. तुळशी तलावाचे पाणी ज्या नळाने आले त्या नळाच्या रेषेवर हा रस्ता आहे. पाण्याच्या वाटेने माणसांची वाट काढायची, ही या शहराची जुनी रीत. पण तुकडे झाले, सलग मार्ग झाला नाही.

माहीमपुरते बोलायचे तर आम्हाला ३९ किलोमीटर नकोत. लेडी जमशेटजी रस्त्यावर मेट्रो ३ च्या कामासाठी कित्येक वर्षे पत्रे उभे होते आणि उरलेल्या बोळातून सायकलवाला बसशेजारून वाट काढत होता. मेट्रो २०२५ मध्ये धावू लागली. पत्रे निघाले की रस्ता नव्याने आखावा लागतो, आणि तेव्हाच कोणाची रेघ कुठे हे ठरते. शीतलादेवीपासून कॉजवेच्या वांद्र्याकडच्या टोकापर्यंत पाच-सहा फुटांची पट्टी काढायची म्हटली तर अंतर फार नाही. पण नुसता हिरवा रंग ओतून उपयोग नाही. उभ्या गाड्या त्या पट्टीत येणार नाहीत असा छोटा कठडा पाहिजे. बसथांब्याला पट्टी थांब्याच्या मागून गेली पाहिजे, नाहीतर बस आणि सायकल दर दोन मिनिटांनी एकमेकींना छेदणार. सिग्नलला सायकलींना मोटारींच्या दोन हात पुढे थांबायला जागा पाहिजे, म्हणजे त्या दिसतील आणि आधी निघतील. उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली त्या पट्टीत शिरणार, हे तर गृहीतच धरा. त्यांना अडवणारा हवालदार पाहिल्या महिन्यात तरी तेथे उभा पाहिजे. आणि सायकलवाल्यांनीही सिग्नल पाळायचा, उलट्या बाजूने यायचे नाही, रात्री मागे लाल दिवा लावायचा. गाडीचा हक्क सांगायचा तर गाडीचा नियम पाळावा लागतो. बुधवारी नोव्हेनाला सेंट मायकेल चर्चसमोर आणि उरुसाच्या दिवसांत दर्ग्याकडे जी गर्दी लोटते तिच्यातून पट्टी सलग राहणार नाही, हे मला दिसते आहे. त्या दिवशी उतरून सायकल ढकलावी.

एवढे कशासाठी, असे कोणी विचारील. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरूळला पाम बीच रोडवर अवतार सैनी सायकल चालवत असताना टॅक्सीने त्यांना मागून धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. जगातल्या कोट्यवधी संगणकांच्या आत जी पेंटियम चिप होती, तिच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव मोठे, म्हणून ती बातमी पहिल्या पानावर आली. पाववाल्याची येत नाही, आतल्या पानावर दोन ओळी येतात आणि त्यांत बहुधा ‘एक सायकलस्वार’ एवढेच लिहिलेले असते.

पट्टी होईल तेव्हा होईल. तोवर हे ऐकणाऱ्यांपैकी जे मोटारीत बसतात त्यांना एक काम सांगतो. त्याला पैसा लागत नाही आणि निविदाही काढावी लागत नाही. गाडी कडेला उभी केल्यावर उजवीकडचा दरवाजा उजव्या हाताने उघडू नका, डाव्या हाताने उघडा. दरवाज्यापासून लांबचा हात वापरला की खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि मागून येणारी सायकल दिसते. टॅक्सीतून डावीकडे उतरत असाल तर उजवा हात. मुलांनाही तसेच शिकवा. आधी इंचभर उघडायचा, बघायचे, मग पुरता.